घोडा पाळताना या चुका टाळा: यात्रेची तारीख पाहून शिंगरू तयार होत नसतं

पोळा झाला की मला तेच फोन यायला लागतात. शिंगरू दीड वर्षाचं आहे, अंगाने उंच निघालंय, दत्तजयंतीपर्यंत नाचायला तयार होईल का? शहाद्याहून विचारतात, दोंडाईच्याहून विचारतात, चोपड्याहूनही. सगळ्यांना माझं एकच उत्तर असतं: नाही होणार, आणि जबरदस्तीने केलंत तर जनावर वाया घालवाल. तापीकाठी सारंगखेड्याला एकमुखी दत्ताची यात्रा भरते, मार्गशीर्ष पौर्णिमेच्या सुमारास पंजाब, राजस्थान, उत्तर प्रदेशातून घोडे उतरतात, देशभरातले शौकीन आपल्या खानदेशात येतात. याचा मला मनापासून अभिमान आहे. पण यात्रा दरवर्षी येते. शिंगराचं हाड एकदाच भरतं, आणि त्याला लागायचा तो वेळ लागतोच.

कच्च्या हाडावर नाच

लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेचा पट्टा असतो. हाड तिथून लांबीला वाढतं आणि वाढ पुरी झाली की तो पट्टा हाडात मिसळून जातो. खुराजवळची हाडं पहिल्या वर्षा-दीड वर्षात पक्की होतात. पुढच्या गुडघ्याच्या वरचं हाड पक्कं व्हायला दोन ते अडीच वर्षं लागतात. पाठीचा कणा तर पाच-सहा वर्षांपर्यंत भरत असतो. म्हणजे 'दोन दात' झालेला घोडा, ज्याला बाजारात तयार माल म्हणून उभा करतात, तो अडीच-तीन वर्षांचा असतो आणि त्याची पाठ अजून पुरी झालेली नसते. उंची पाहून वय धरणाऱ्यांना हे सांगून सांगून मी थकलो.

शहादा तालुक्यातल्या एका शेतकऱ्याकडे कुमैत (तांबूस अंगाचं, काळ्या आयाळीचं) शिंगरू होतं. बाप मारवाडी, कानांची टोकं आत वळून एकमेकांना भिडलेली, मान उभी, डोळा पाणीदार. असं जनावर गावात क्वचित जन्माला येतं. दीड वर्षाचं झालं तसं घरच्या मुलाने ढोलावर नाचवणारा माणूस ठेवला. त्याने मान दोरीने आखडून बांधली आणि रोज सकाळ-संध्याकाळ त्याला मागच्या दोन पायांवर उभं करायला सुरुवात केली. दिवाळीच्या आसपास मी त्यांच्या मळ्यात गेलो तेव्हा मागच्या दोन्ही ढोपरांत पाणी भरलेलं होतं, हात लावला तर ऊब लागत होती.

मी म्हटलं, "आप्पा, आजपासून हे बंद करा. चार-सहा महिने मोकळं सोडा, पाय वाचेल." आप्पांना पटलं होतं. मुलाला पटलं नाही. "सूज उतरी जाई, भाऊ," असं म्हणून त्याने मालीशचं तेल आणलं, वरून पट्ट्या बांधल्या आणि काम चालूच ठेवलं. यात्रेच्या आधी कुणाकडून तरी दुखणं दाबणारं इंजेक्शन मारून घेतलं.

यात्रेत मऊ मातीवर शिंगरू नाचलं, लोकांनी गर्दी केली, मध्य प्रदेशातल्या एका गिऱ्हाइकाने इसार दिला. गिऱ्हाईक जाणकार होतं. एक दिवस जाऊ देऊन त्याने सकाळी घोडा डांबरी रस्त्यावर दुडक्या चालीने पळवून मागितला. तोवर इंजेक्शनचा असर ओसरला होता. मागचा उजवा पाय टेकताना पुठ्ठा वर उचलला जात होता, लंगड कुणालाही दिसावी अशी. इसार परत गेला. पुढे एक्स-रे काढला तेव्हा सांधा आतून झिजलेला निघाला. आज तो घोडा पाच वर्षांचा आहे. खऱ्या अर्थाने खोगीर चढवायचं, नाचवायचं हेच वय. तो मळ्यात बांधलेला असतो आणि चार पावलं पळाला की लंगडतो. आप्पा त्याला चारतात, विकत नाहीत, त्यांचं मन मी समजू शकतो. पण असा घोडा पाहिला की माझा जीव तुटतो.

माझी पद्धत हळू आहे आणि ती मी बदलणार नाही. पहिल्या वर्षी फक्त मोहरकीने (तोंडावरच्या दोरीने) चालणं, चारही पाय उचलू देणं, बांधलं तर शांत उभं राहणं आणि टेम्पोत चढणं-उतरणं. दोन वर्षांनंतर लांब लगामाने मागून चालवत शेतरस्त्याने सरळ नेतो. दोरीवर गोल गोल फिरवणं मला आवडत नाही, कोवळ्या सांध्यांवर त्याचा ताण एका बाजूने येतो. तीन पुरी झाल्यावर हलकं खोगीर, तेही थोडा वेळ. चौथ्या वर्षानंतर ठेका आणि पावलं. दोन पायांवर उभं करणं पाचाच्या आत नाहीच. रोज सकाळी चंदी (दाणा) देण्याआधी चारही पायांवरून गुडघ्यापासून खुरापर्यंत हात फिरवतो. कुठे ऊब लागली की त्या दिवसाचं काम बंद. यात्रा परवावर आलेली असली तरी बंद.

ढेप, मका आणि अंगावरची चमक

आपल्याकडे गायी-म्हशी सगळ्यांनी पाळलेल्या असतात, त्यामुळे घोड्यालाही तेच घमेलं पुढे करतात. घोडा रवंथ करत नाही. त्याचं जठर लहान असतं, चारा मागच्या मोठ्या आतड्यात मुरतो आणि त्याला ओकता येत नाही. यात्रेआधी महिनाभर अंग भरावं म्हणून एकदम मका, बाजरी वाढवली की तो दाणा न पचता मागच्या आतड्यात जातो, तिथे आंबतो, आणि मग एक तर पोटशूळ उठतो नाही तर खुरांत दाह होतो. घोडा पुढचे पाय लांब टाकून वजन मागे घेऊन उभा दिसला, खूर गरम लागले, की तो आळशी झालाय असं समजून चाबूक उचलू नका. दाणा तिथेच थांबवा, खूर थंड पाण्यात किंवा बर्फात ठेवा, खाली वाळू टाका आणि डॉक्टरांना लगेच बोलवा. खुरातलं हाड फिरलं तर घोडा गेल्यातच जमा.

सरकीच्या ढेपेत गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्य असतं. गाय ते बऱ्यापैकी पचवते, घोड्याला मी ढेप देत नाही आणि शिंगराला तर अजिबात नाही. त्याहून वाईट म्हणजे कोंबड्यांचं आणि गुरांचं तयार खाद्य. त्यातल्या काहींत मोनेन्सिन नावाचं औषध असतं, ते घोड्याच्या हृदयाचे स्नायू मारतं आणि थोडंसंसुद्धा जीवघेणं ठरतं. बुरशी लागलेला मका खाल्लेल्या घोड्याच्या मेंदूची नासाडी होते, त्यावर उपाय नाही. गोणीला कुबट वास आला तर ती उकिरड्यावर टाका, "वाया कशाला घालवायची" म्हणत तोबऱ्यात भरू नका. ज्वारी कापल्यावर फुटलेले कोवळे धुमारे विषारी असतात हे आपल्या शेतकऱ्याला माहीत असतं. पण नुसती हिरवी ज्वारी सतत खाऊन घोड्याची लघवी बिघडते आणि मागचे पाय डगमगू लागतात, हे फार कमी लोकांना ठाऊक आहे.

साडेतीनशे किलोच्या घोड्याला रोज पाच ते सात किलो तरी कोरडा चारा पोटात जायला हवा. दाणा त्यावरचा, आणि एका वेळी दोन किलोच्या वर कधीच नाही. मी भिजवलेला हरभरा आणि थोडी भरडलेली बाजरी देतो, चारा आधी आणि दाणा मागून. खाणं बदलायचं असेल तर आठ-दहा दिवस घेऊन बदलतो. जळगावचा उन्हाळा पंचेचाळीसच्या पुढे जातो, तेव्हा हौदातलं पाणी दिवसभर सावलीत आणि थंड हवं. चमक हवी असेल तर रोज खरारा करा. ती बाटलीतून येत नाही.

आणि पोट दुखायला लागलं की बांबूच्या नळकांड्याने तेल-हिंग घशात ओतणं सोडा. ते फुप्फुसात उतरतं आणि घोडा दोन दिवसांनी न्यूमोनियाने मरतो.

शिंगराची पहिली रात्र

घोडी साधारण अकरा महिने गाभण राहते. सडांच्या टोकांवर मेणासारखे थेंब दिसले की एक-दोन रात्रींत विणार असं धरा, आणि घोडी बहुतेक रात्रीच विते. म्हणून झोपायची जागा पागेजवळ हवी. शिंगरू तासाभरात उभं राहायला हवं, दोन तासांत कासेला लागायला हवं, घोडीची वार तीन तासांत पडायला हवी. यातलं काही लांबलं तर सकाळची वाट पाहू नका. वार हाताने ओढूही नका.

चीक, म्हणजे विल्यावरचं पहिलं दूध, जड पडतो म्हणून काढून टाकणारे लोक अजून भेटतात. घोडीच्या पोटात असताना शिंगराला रोगाशी लढायची ताकद मिळत नाही, ती फक्त चिकातून मिळते, आणि दिवसभरानंतर आतडं ती घेईनासं होतं. पहिल्या काही तासांतला चीक चुकला की पुढे कितीही सलाईन लावा. नाळेला शेण, राख, हळद काही नको. आयोडिनमध्ये बुडवायची, दिवसातून दोनदा. धनुर्वात घोड्याला फार लवकर होतो, तेव्हा घोडीला विण्याआधी महिनाभर लस द्या.

बाकीच्या चुका

दोन वर्षांची घोडी फळवू नका, ती स्वतःच वाढतेय.

माज पाच-सात दिवस चालतो आणि बीज शेवटी सुटतं. पहिल्याच दिवशी घोड्याला दाखवून घोडी घरी नेणारे वर्षभर घोडीला दोष देतात. मी तिसऱ्या दिवसापासून एक दिवसाआड दाखवतो आणि तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहितो.

जुळं असल्याचं कळलं म्हणून पेढे वाटू नका. घोडीला जुळं बहुतेक वेळा पेलत नाही, गाभ पडतो. पंधरा दिवसांच्या आसपास सोनोग्राफी करून घ्या.

नालबंद दर सहा ते आठ आठवड्यांनी यायलाच हवा, नाल ठोकलेले नसले तरी.

नुकरा (जन्मतः पांढरा घोडा) म्हणून सब्जा घेऊ नका. नुकऱ्याची कातडी गुलाबी असते. सब्जा गडद रंगाचा जन्मतो, वयाने पांढरा होतो आणि नाकपुडीजवळची कातडी काळीच राहते.

देवमन (गळ्यावरचा शुभ भोवरा), पंचकल्याण (चारही पाय आणि तोंड पांढरं), अंगावरच्या केसांचे भोवरे जरूर पाहा, आपल्या लोकांची श्रद्धा आहे आणि त्यावर भावही ठरतो. पण आधी पाय पाहा, दात पाहा, मग भोवरा.

यात्रेतून आणलेला घोडा थेट आपल्या पागेत बांधू नका. तीन आठवडे वेगळा गोठा, वेगळी बादली, वेगळा खरारा. ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाला लस नाही, तो माणसालाही होतो आणि घोडा बाधित निघाला तर कायद्याने त्याला मारावं लागतं. रक्ताची तपासणी हरियाणातल्या हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात होते, नमुना पशुसंवर्धन खात्याच्या डॉक्टरांमार्फत पाठवता येतो. विकणाऱ्याकडे तपासणीचा कागद मागायला लाजू नका, आणि त्यावरची तारीख वाचा.