नव्या सिस्टिमआधी जुनं रजिस्टर

बँकेत एकतीस वर्षं लेजर जुळवली. निवृत्तीनंतर तलावपाळीजवळच्या एका छोट्या वस्तुसंग्रहात जायला लागले तर पुन्हा तेच काम: वस्तूंच्या जुन्या नोंदी जुळवून नव्या सॉफ्टवेअरमध्ये न्यायच्या. ते सॉफ्टवेअर सी-डॅक या सरकारी संस्थेचं संग्रहालयांसाठीचं ‘जतन’ असो की दुसरं कुठलं, कचरा भरला तर कचराच दिसणार.

आधी मूळ एक्सेलची प्रत काढून बाजूला ठेवा. तिला हात लावायचा नाही.

मग नोंदणी क्रमांक. फाइलमध्ये डेटा आणण्यापूर्वीच हा रकाना ‘टेक्स्ट’ करा. मी केला नव्हता. ‘३/१२’ची झाली तारीख, ‘००४५’ची शून्यं गेली. नंतर टेक्स्ट करून ती परत येत नाहीत. मला कागदी रजिस्टर घेऊन एकेक क्रमांक पुन्हा लावावा लागला. सोयीसाठी नवे क्रमांक देऊ नका. वस्तूवर शाईने जुनाच लिहिलेला असतो.

खरी डोकेदुखी सालांची. मोडी कागदावर ‘शके १७२६’ असेल तर ते तसंच ‘मूळ नोंद’ रकान्यात ठेवा. शेजारी दोन रकाने: इसवी सन पासून, इसवी सन पर्यंत. शकात ७८ मिळवायचे. जानेवारी लागल्यावर, म्हणजे साधारण पौषापासून पुढे, ७९. नुसतं साल असेल तर १८०४ ते १८०५ लिहा, उगाच एक निवडू नका. सुहूर सन (मराठेशाहीच्या कागदांवर दिसणारी दुसरी कालगणना) असेल तर ५९९ मिळवा, जानेवारीपासून ६००. आणि ‘अंदाजे शंभर वर्षं जुने’ या शेऱ्यापुढे तो कधी लिहिला ते शोधा. आमच्याकडे तो १९७८चा निघाला!

नावांना फिल्टर लावून बघा. ‘शिवराई’, ‘शिवराइ’, ‘तांब्याचे नाणे’: एकच वस्तू, तीन नावं. एक ठरवा. जुन्या फॉन्टातला मजकूर युनिकोडमध्ये आणल्यावर रफार आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा. सिस्टिमला द्यायची सीएसव्ही फाइल ‘यूटीएफ-८’ हा पर्याय निवडूनच सेव्ह करा, नाहीतर सगळी प्रश्नचिन्हं.

जागेसाठी खोली, कपाट, फळी असे वेगळे रकाने. आमच्याकडे एका समईची जागा ‘सरांच्या टेबलामागे’ होती. सर जाऊन बारा वर्षं झाली.

शेवटी चाचणीला वीसच नोंदी पाठवा, पण सगळ्यात अडचणीच्या. आम्ही जातं पाठवलं: क्रमांक एक, दगड दोन. सिस्टिमने विचारलं, भाग किती? खालचा दगड कपाटाशेजारी होता. वरचा मागच्या दाराला अडणी म्हणून लावलेला सापडला.