व्हायरल न्यूमोनियात रक्ताच्या रिपोर्टवरून पेशंट किती बिघडेल याचं भाकीत करताना या चुका टाळा

पावसाळ्यात ठाणे-नवी मुंबईच्या वॉर्डांत स्वाइन फ्लू, कोविड, डेंगी आणि लेप्टोचे पेशंट शेजारी शेजारी असतात. दाखल करतानाच सीआरपी आणि आयएल-६ (दोन्ही शरीरातला दाह दाखवणारे), डी-डायमर (रक्ताच्या गुठळ्यांची खूण), फेरिटिन (लोहसाठा, पण दाहातही वाढतो), एलडीएच (पेशींची इजा) असा चाचण्यांचा गठ्ठा पाठवायचा आणि संध्याकाळी त्यातल्या सर्वांत मोठ्या आकड्याला घाबरायचं, अशी पद्धतच पडली आहे.

एकक न वाचता आकडा वाचणं

याच्याइतकं नुकसान दुसरी कुठलीच चूक करत नाही. होतं ते असं: कोविड न्यूमोनियाचा पासष्टीचा पेशंट ठाण्याच्या छोट्या नर्सिंग होममधून खाडीपलीकडे वाशीला हलवला जातो. सोबत फाइल येत नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर कापलेला फोटो येतो: ‘सीआरपी १२.४’. रात्री नव्या लॅबचा रिपोर्ट ११८. रेसिडेंट घरच्यांना सांगतो, दहापट वाढलंय. डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचा डोस दुप्पट होतो, मध्यरात्री सीटी होतो, आयएल-६ साठी रक्त जातं. प्रत्यक्षात पहिली लॅब मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये देते आणि दुसरी प्रति लिटरमध्ये. म्हणजे १२४ चे ११८ झाले, दोन यंत्रांमधला फरक धरला तर काहीच बदललेलं नाही. दरम्यान ऑक्सिजन ४ लिटरवरून २ लिटरवर आला होता, पण तिकडे बघायला कोणाला सवड नव्हती.

डी-डायमरचा घोळ दुहेरी आहे. एक तर नॅनोग्रॅम की मायक्रोग्रॅम, आणि वर एफईयू की डीडीयू, म्हणजे डी-डायमर मोजण्याच्या दोन वेगळ्या पद्धती. ०.५ मायक्रोग्रॅम प्रति मिली एफईयू म्हणजे ५०० नॅनोग्रॅम एफईयू, आणि तेच डीडीयूमध्ये साधारण २५०. युरियाचंही तसंच. आपल्याकडच्या बऱ्याच लॅब बीयूएन (युरियातला फक्त नायट्रोजन) छापतात, कोविडमध्ये मृत्यूचा धोका मोजणारा ४सी स्कोअर मात्र पूर्ण युरिया मागतो. बीयूएनला २.१४ ने गुणलं की युरिया मिळतो. बीयूएन ४० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असताना तोच युरिया समजून ४सी मॉर्टॅलिटी स्कोअरमध्ये टाकला, तर शून्य गुण पडतात. खरा युरिया ८५ च्या पुढे, म्हणजे १४ मिलीमोल प्रति लिटरच्या वर जातो आणि ३ गुण मिळतात. एका आळसाने पेशंट कमी धोक्याच्या गटात जाऊन बसतो.

उपाय अगदी साधा. तक्त्यात आधी एकक लिहा, मग आकडा. लॅबचं नाव आणि सॅम्पलची वेळ त्याच ओळीत. पूर्ण रिपोर्टची पीडीएफ मागा. नुसत्या आकड्याच्या फोटोवर औषध बदलू नका. आणि शक्य तोवर लॅब बदलू नका.

औषधानंतरचा आकडा आजाराच्या नावावर मांडणं

डेक्सामेथासोन दिल्यावर काही तासांतच न्यूट्रोफिल वाढतात आणि लिम्फोसाइट घटतात. सकाळी ४ असलेला एनएलआर (न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचं गुणोत्तर) दुसऱ्या दिवशी १२ दिसला की ‘बिघडतोय’ म्हणून आणखी स्टेरॉइड, त्यामुळे एनएलआर आणखी वर. हे चक्र स्वतःहून थांबत नाही. भाकितासाठी एनएलआर वापरायचाच असेल तर पहिल्या डोसआधीचा वापरा. बाहेरून आलेल्या पेशंटला ‘गोळ्या कोणत्या घेतल्या?’ एवढं विचारून भागत नाही, पाकिटं बघायला मागा. फॅमिली डॉक्टरने दिलेल्या पुडीत स्टेरॉइड असतं आणि घरच्यांना ती तापाची गोळी वाटते.

आयएल-६ चा परिणाम रोखणाऱ्या टोसिलिझुमॅब या औषधानंतर उलटी फसगत होते. पेशींवरचा त्याचा रिसेप्टर अडवल्यामुळे रक्तातलं आयएल-६ वाढलेलं दिसतं आणि सीआरपी कोसळतो. त्यानंतर नॉर्मल सीआरपी बघून नवा बॅक्टेरियल संसर्ग नाही असं ठरवू नका. कल्चर पाठवा आणि पेशंट तपासा.

सीआरपीला चढायला ६ ते ८ तास लागतात, शिखर साधारण दोन दिवसांनी येतं आणि अर्धायुष्य, म्हणजे पातळी निम्मी व्हायला लागणारा वेळ, १९ तासांच्या आसपास आहे. म्हणून तापाच्या पहिल्या दिवशीचा नॉर्मल सीआरपी दिलासा देत नाही, आणि स्थिर पेशंटचा रोज काढून हाती काही लागत नाही. ४८ तासांनी पुन्हा करा. दिवसातून दोनदा मागवणाऱ्यांना उत्तर नको असतं, धीर हवा असतो.

बाकीच्या, थोडक्यात

एलडीएच अचानक वाढला तर आधी सॅम्पल हिमोलाइज झालं का, म्हणजे त्यातल्या लाल पेशी फुटल्या का, विचारा. पोटॅशियम आणि एएसटी (यकृताच्या चाचणीतलं एन्झाइम) हेही सोबत वाढले असतील तर संशय पक्का, पुन्हा रक्त घ्या. एलडीएचचं सॅम्पल फ्रीजमध्ये ठेवू नका.

डी-डायमरसाठीची निळ्या टोपणाची ट्यूब खुणेपर्यंत भरलीच पाहिजे, रक्त नऊ भाग आणि सायट्रेट (रक्त गोठू न देणारं रसायन) एक भाग. अर्धी भरलेली ट्यूब लॅबने परत पाठवली तर वाद घालू नका.

किडनीच्या आजारात प्रोकॅल्सिटोनिन (बॅक्टेरियल संसर्गाची खूण मानलेली चाचणी) संसर्गाशिवायही वाढलेलं असू शकतं. गरोदरपणात आणि शस्त्रक्रियेनंतर डी-डायमर वाढतोच. फेरिटिन काही हजारांत आणि प्लेटलेट पडलेले असतील तर डेंगी नाकारल्याशिवाय ‘सायटोकाइन स्टॉर्म’ (प्रतिकारशक्तीचा अनावर दाह) हा शब्द तोंडातून काढू नका. उलट, मुळात लोह कमी असलेल्या बाईचं फेरिटिन आजारातही ‘नॉर्मल’ दिसेल.

थीसिसवाल्यांसाठी

शंभर पेशंट, बारा मृत्यू आणि मृत्यूचं भाकीत करणाऱ्या मॉडेलमध्ये पंधरा मार्कर (रक्तातल्या चाचण्या), असं गणित करून ‘अचूकता ९५ टक्के’ लिहू नका. त्याच डेटावर कटऑफ (धोक्याची सीमा) शोधून त्याच डेटावर तपासला तर आकडा छान येणारच. आयएल-६ फक्त गंभीर पेशंटचंच पाठवलं जातं, त्यामुळे एक्सेलमधल्या रिकाम्या चौकटी योगायोगाने रिकाम्या नसतात. त्यात सरासरी भरून मोकळं होणं हा शुद्ध शॉर्टकट आहे. सर्व मार्कर दाखल झाल्यापासून २४ तासांतलेच घ्या. मृत्यूच्या आदल्या दिवशीच्या लॅक्टेटवरून मृत्यू कोणालाही सांगता येतो.

रक्तालाच सगळं वजन देणं

४सी स्कोअर कोविडने दाखल झालेल्या प्रौढांसाठी बनवला आहे, फ्लूला तसाच लावू नका. पण त्याची वाटणी पाहण्यासारखी आहे. एकूण २१ पैकी वयाला ७ पर्यंत गुण, सीआरपीला जास्तीत जास्त २. श्वासाचा वेग आणि सॅच्युरेशन यांनाही प्रत्येकी २ पर्यंत, आणि ते दोन्ही खाटेशेजारी फुकट मिळतात. श्वास पूर्ण मिनिटभर मोजा. चार्टवर प्रत्येकाचा वेग २० लिहिलेला असेल तर कोणीच मोजलेला नाही.

सॅच्युरेशन ८८ असेल तर ऑक्सिजन आधी लावा, सीआरपी नंतर येईल. आणि सॅच्युरेशन ९७ असलेल्या, चालत्या-बोलत्या कोविड पेशंटला केवळ डी-डायमर ७०० आला म्हणून स्टेरॉइड सुरू करू नका: २०२० च्या रिकव्हरी चाचणीत डेक्सामेथासोनचा फायदा ऑक्सिजन किंवा व्हेंटिलेटर लागणाऱ्यांनाच झाला, ऑक्सिजन न लागणाऱ्यांना झाला नाही.