टेम्पररी फाइल सुरक्षित बनतेय का, कसं तपासायचं

लिनक्सच्या व्हर्च्युअल मशीनवर प्रोग्राम ‘एसट्रेस -एफ’खाली चालवा. हे साधन प्रोग्रामने सिस्टिमकडे केलेल्या मागण्या दाखवतं; ‘-एफ’मुळे त्याने सुरू केलेल्या चाइल्ड प्रोसेसही दिसतात. ‘/टीएमपी’ या सगळ्या युजरच्या सामाईक फोल्डरमधली फाइल उघडताना ‘ओ_क्रिएट’ (फाइल नसेल तर बनव) सोबत ‘ओ_एक्सक्ल’ (आधीच असेल तर थांब) नसेल आणि नावात नुसता प्रोसेस क्रमांक असेल, तर संशय घ्या. असं नाव कुणालाही आधीच ओळखता येतं.

आता दुसऱ्या युजरने पुढच्या 200 क्रमांकांच्या नावांच्या सिमलिंक, म्हणजे दुसऱ्या फाइलकडे नेणाऱ्या लिंक, ‘/टीएमपी’मध्ये बनवायच्या. सगळ्या पहिल्या युजरच्या एकाच बिनमहत्त्वाच्या फाइलकडे. प्रोग्राम पहिल्या युजरने चालवल्यावर त्या फाइलचा मजकूर बदलला तर दोष पक्का.

इथे हमखास फसगत होते: लिनक्स कर्नल (सिस्टिमचा गाभा) 3.6 पासूनचं ‘प्रोटेक्टेड_सिमलिंक्स’ हे संरक्षक सेटिंग चालू असेल तर लिंक अडते आणि सदोष प्रोग्रामही पास होतो. चाचणीपुरतं ते 0 करा.

दुरुस्तीसाठी टेम्पररी फाइल बनवायला सी भाषेत ‘एमकेएसटेम्प’ फंक्शन, शेलमध्ये ‘एमकेटेम्प’ कमांड वापरा.