डबल पॉलिश म्हणतूस व्हय?

सांगलीत हळदीच्या धंद्यात नव्यानं शिरणाऱ्या पोरांना भाव, ओल, कडकपणा सगळे शिकवतात. डोळ्यांचं कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो.

माझं पहिलं वर्ष. सकाळपासून बिनपॉलिशची पोती फोडून नमुने बघत होतो. उकडून वाळवलेली हळकुंडं, अंगावर खरबरीत खवले. हे खवले घासून काढणं म्हणजे पॉलिश; सिंगलपेक्षा डबल जास्त गुळगुळीत. दोन तास तेवढंच. मग एक ढीग पुढ्यात आला, तो इतका गुळगुळीत दिसला की मी बेधडक डबल पॉलिश लिहून टाकलं. मला धंदा शिकवणाऱ्या तात्यांनी एक हळकुंड उचललं, बोटांत फिरवलं. "ह्याला डबल पॉलिश म्हणतूस व्हय?" माल सिंगलचा होता. जेवून आल्यावर मलाही तसाच दिसला. तेव्हा वाटलं, उन्हानं झापड आली असेल.

खरं कारण पुढं कळलं. मेंदूत दिसण्याचं काम करणाऱ्या पेशींपैकी काही जाड पोताला जास्त दाद देतात, काही बारीक पोताला. एकसारखं जाड पोत बघत राहिलं की पहिल्या मंदावतात, पारडं दुसऱ्यांकडं झुकतं, आणि मधला माल आहे त्याहून बारीक दिसतो. ब्लेकमोर आणि सटन या संशोधकांनी १९६९ मध्ये हे पट्ट्यांवर दाखवलं. घरी करून बघा. कागदावर वर जाड पट्टे काढा, खाली बारीक, मध्ये टिंब. मिनिटभर टिंबावर नजर रोखा. लगेच दुसऱ्या कागदावर बघा, तिथं टिंबाच्या वर-खाली पट्टे एकाच मापाचे हवेत. वरचे बारीक वाटतील, खालचे जाड. मी एक डोळा झाकून बघितलं आणि नंतर झाकलेल्या डोळ्यानं तपासलं. थोडा फरक तरीही दिसलाच. तेव्हा आलटून पालटून डोळा मिटायची युक्ती सोडा.

उलटंही होतं, आणि ते जास्त वाईट. डबल पॉलिशचे ढीग बघून आलात की सिंगलचा चांगला मालही खडबडीत दिसतो, आणि फटका शेतकऱ्याला बसतो.

मी खिशात सिंगलचं एक नि डबलचं एक हळकुंड ठेवतो. शंका आली की ढिगाला लावून धरतो. डोळा फसलाच असेल तर तिन्हींच्या बाबतीत सारखाच फसतो, त्यामुळं फरक कळतो. शर्टाचे खिसे पिवळे होतात, त्याला इलाज नाही.