इनडोअर पेंटॅथलॉन: या चुका टाळा

गोव्यातल्या बांबोळीच्या ट्रॅकवर हेप्टाथलॉनची, म्हणजे सात प्रकारांच्या स्पर्धेची, तयारी केलेली मुलगी पहिल्यांदा इनडोअर पेंटॅथलॉनला, म्हणजे छपराखालच्या पाच प्रकारांच्या स्पर्धेला, निघते, तेव्हा तिचा आणि बऱ्याचदा तिच्या प्रशिक्षकाचाही हिशेब ठरलेला असतो: सातातून दोन गेले, म्हणजे काम हलके झाले. २०० मीटर आणि भालाफेक गेली, हे खरे. काम हलके झाले, हे मात्र मुळीच खरे नाही. ६० मीटर हर्डल्स (अडथळ्यांची शर्यत), उंच उडी, गोळाफेक, लांब उडी आणि ८०० मीटर, याच क्रमाने, सगळे एकाच दिवसात. हेप्टाथलॉनमध्ये गोळाफेकीनंतर २०० मीटर धावले की पहिला दिवस संपतो आणि लांब उडी दुसऱ्या सकाळी, रात्रभर झोपून उठल्यावर येते. इथे हातावरची गोळ्याची पावडर पुसता पुसता लांब उडीचा रनअप मोजायला जावे लागते. दोन प्रकारांमध्ये शक्यतो किमान ३० मिनिटे द्यावीत असा नियम आहे. त्या ३० मिनिटांतच बूट बदलणे, खाणे, कॉल रूम (प्रकाराआधीची हजेरी) आणि सराव उड्या बसवाव्या लागतात.

गोळाफेकीला "जमेल तेवढे" म्हणून सोडून देणे

ही सर्वांत महागडी चूक आहे आणि सर्वांत जास्त दिसणारीही. धावपटू अंगाची मुलगी हर्डल्स आणि उड्यांवर जीव टाकते आणि गोळा आठवड्यातून एकदा, सराव संपताना, दमलेल्या हाताने फेकते.

२०१५ च्या मार्चमध्ये प्रागला युरोपियन इनडोअर स्पर्धा झाली. ब्रिटनच्या कॅटरिना जॉन्सन-थॉम्पसनने हर्डल्स ८.१८ सेकंदांत काढले, उंच उडीत १.९५ मीटर आणि लांब उडीत ६.८९ मीटर पार केले, ८०० मीटर २:१२.७८ मध्ये धावली. प्रत्येक कामगिरीचे तक्त्यानुसार गुण होतात; पाचही प्रकारांच्या गुणांची बेरीज बरोबर ५०००. सुवर्णपदक तिचेच होते, पण तेव्हाचा विश्वविक्रम ५०१३ होता. तो युक्रेनच्या नतालिया दोब्रिन्स्काने २०१२ मध्ये इस्तंबूलला केला होता. कॅटरिनाचा गोळा त्या दिवशी १२.३२ मीटरवर पडला होता, म्हणजे ६८२ गुण. दोब्रिन्स्काचा विक्रमाच्या दिवशीचा गोळा होता १६.५१ मीटर, म्हणजे ९६२ गुण. एका प्रकारात २८० गुणांचे अंतर. कॅटरिनाचा गोळा वीसएक सेंटिमीटर पुढे पडला असता तर विक्रम तिचा झाला असता. तेवढ्या उंच आणि लांब उड्या मारणारी दुसरी मुलगी त्या पेंटॅथलॉनमध्ये नव्हती, तरीही विक्रम निसटला.

आपल्या पातळीवरही गणित तेच आहे. ९.२० सेकंद, १.६० मीटर, १० मीटर, ५.५० मीटर आणि २:३० मिनिटे अशी कामगिरी असलेल्या मुलीचे साधारण साडेतीन हजार गुण होतात. या टप्प्यावर गोळ्याचा एक मीटर म्हणजे जवळपास ६५ गुण. तेवढेच गुण हर्डल्समधून मिळवायचे तर सेकंदाचे तीन दशांश कमी करावे लागतात, आणि त्यात दोन हंगाम जातात. १० मीटरचे ११ मीटर मात्र एका पावसाळ्यात होतात. जून ते सप्टेंबर ट्रॅक भिजलेला असतो, लांब उडीच्या खड्ड्यात पाणी असते, पण गोळा छपराखालीही फेकता येतो. आठवड्यातून दोन दिवस, सरावाच्या सुरुवातीला, ताज्या अंगाने २० ते २५ फेकी. त्यातल्या निम्म्या जागेवर उभे राहून, बाकीच्या ग्लाइडने, म्हणजे वर्तुळात मागून पुढे घसरत येऊन. मोबाइलवर बघून तीन आठवड्यांत गिरकीचे तंत्र शिकायला निघणाऱ्यांनी थांबावे. गिरकीत तोल गेला की तिन्ही प्रयत्न वर्तुळाबाहेर, आणि पेंटॅथलॉनमध्ये प्रयत्न तीनच असतात, चौथा कुणी देत नाही.

इनडोअरचा गोळा हातात वेगळा लागतो, हेही आधी कळलेले बरे. वजन तेच, ४ किलो. पण जमिनीला इजा होऊ नये म्हणून तो बहुतेक ठिकाणी मऊ प्लास्टिकच्या किंवा रबराच्या कवचाचा असतो आणि आकाराने मोठा. मैदानावरचा लोखंडी गोळा ९५ ते ११० मिलिमीटर व्यासाचा, हा १३० पर्यंत असू शकतो. लहान हाताच्या मुलीची बोटे त्यावर फाकतात, गोळा तळहातात घसरतो आणि फेक मनगटातून मरते. स्पर्धेच्या आधी किमान महिनाभर असाच गोळा वापरा. मिळाला नाही तर निदान व्यासाने सर्वांत मोठा, ११० मिलिमीटरचा लोखंडी गोळा तरी शोधा. मानेवर तो कुठे टेकतो तेही नव्याने ठरवावे लागते.

लांब उडीत पहिलाच प्रयत्न जीव ओतून मारणे

तीन प्रयत्न, आणि तिन्ही फाऊल गेले तर शून्य. हे सगळ्यांना पाठ असते, तरीही पहिली उडी बोर्डाच्या, म्हणजे उडी घेण्याच्या फळीच्या, कडेवर जाऊन मारली जाते. पुन्हा जॉन्सन-थॉम्पसनच, पुन्हा २०१५, पण आता ऑगस्टमधले बीजिंग आणि मैदानी जागतिक स्पर्धेतले हेप्टाथलॉन. पहिला दिवस संपला तेव्हा ती जेसिका एनिस-हिलच्या मागोमाग दुसरी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी लांब उडी, तिचा हातखंडा प्रकार. तिन्ही उड्या फाऊल झाल्या. पदक तिथेच गेले. प्रागला तिने ज्या प्रकारात ११३५ गुण घेतले होते, त्याच प्रकारात बीजिंगला तिच्या नावापुढे शून्य लागले.

इनडोअरमध्ये हा धोका वाढतो. अनेक हॉलमध्ये रनवे लाकडी तक्त्यांवर उभारलेला असतो आणि पायाखाली उसळतो. पाऊल लांब पडते, रनअप १५ ते ३० सेंटिमीटरने पुढे सरकतो आणि मैदानावर बिनचूक बसलेली खूण इथे फाऊल देते. त्यात गोळाफेकीनंतर पाय थंड झालेले असतात, म्हणून पहिल्या सरावात पाऊल आखूड पडते. मुलगी खूण पुढे घेते. अंग तापले की तीच खूण बोर्डाच्या पलीकडे नेते.

माझा दंडक साधा आहे. गोळ्याची शेवटची फेक झाली की बसायचे नाही. ट्रॅक सूट चढवायचा, दहा मिनिटे चालायचे आणि हलक्या उड्या मारायच्या. सराव रनअप किमान दोन, पूर्ण वेगाने, आणि पाऊल कुठे पडले ते दुसऱ्याने बघायचे. मग पहिल्या प्रयत्नासाठी खूण एक पाऊलभर मागे. बोर्डाच्या १० सेंटिमीटर मागून उडी मारली तर तोटा २९ गुणांचा, तिन्ही फाऊल झाले तर ७०० गुणांचा. पहिली उडी नोंदली गेली की पुढच्या दोन मोकळेपणाने मारता येतात. आता फाऊल ठरवताना टेक-ऑफ रेषेवरचे उभे प्रतल पाहतात. बुटाचे टोक रेषेच्या वर हवेत पुढे आले तरी लाल झेंडा. बोर्डापुढच्या प्लास्टिसिनवर, म्हणजे मऊ मातीसारख्या पट्टीवर, ठसा उमटला नाही म्हणून वाद घालण्याचे दिवस गेले.

उंच उडीची पायरी न मोजणे

पेंटॅथलॉनमध्ये आडवी पट्टी सुरुवातीपासून शेवटपर्यंत ३-३ सेंटिमीटरनेच चढते. तुमची सर्वोत्तम उडी १.६० आणि तिथली शिडी १.५२, १.५५, १.५८, १.६१ अशी असेल, तर तुमची १.६० तिथे नाहीच. एक तर १.५८, म्हणजे ७१२ गुण, नाहीतर १.६१, म्हणजे ७४७. सुरुवातीच्या उंचीचा तक्ता आदल्या दिवशी तांत्रिक बैठकीनंतर मिळतो. तो हातात घेऊन सर्वोत्तमाच्या चार पायऱ्या खालून सुरुवात करावी. "शक्ती वाचवते" म्हणून दोन पायऱ्या खालून येणाऱ्या मुलींना थंड पायांनी पहिलाच कठीण प्रयत्न करावा लागतो, आणि तीन अपयशांत खेळ संपतो. पेंटॅथलॉनमधली उंच उडी दोन दोन तास चालते. अंग गार पडते ते उड्यांनी नाही, वाट पाहण्याने.

हर्डल्स

एक चांगली बातमी: सराव बांबोळीतच होतो. ६० मीटरमध्ये पाच हर्डल्स, उंची ८३.८ सेंटिमीटर, पहिले १३ मीटरवर, मधले अंतर ८.५० मीटर. मैदानावरच्या १०० मीटर हर्डल्सच्या पिवळ्या खुणा अगदी याच. पहिल्या पाचांवर हर्डल्स लावा. सहाव्या खुणेपासून ४.५० मीटर मोजून चिकटपट्टी मारा, ती झाली अंतिम रेषा. ही पट्टी कुणी मारत नाही. म्हणून पाचव्या हर्डलनंतरचे १३ मीटर कुणी शिकत नाही. रेषेपलीकडे गाद्या लावलेली भिंत दिसली की मुली रेषेच्या आधीच कमरेतून मागे झुकतात. गाद्या त्यासाठीच आहेत, त्यांत जाऊन आदळा.

सरावाचा वेळ हाताने दाबायच्या स्टॉपवॉचचा असेल तर त्यात ०.२४ सेकंद मिळवा, मगच गुण काढा. हा फरक जवळपास ५० गुणांचा आहे. बांबोळीला समुद्राकडून पाठीवर वारा असेल तर तो वेळ वहीत लिहूच नका.

फॉल्स स्टार्टचा, म्हणजे इशाऱ्याआधीच सुटण्याचा, नियमही इथे वेगळा. पहिली चूक कुणाचीही असो, ताकीद सगळ्यांना मिळते; त्यानंतर जी चुकेल ती बाद. पडलात तर उठा, आपल्याच लेनमध्ये उरलेली हर्डल्स पार करा आणि पूर्ण करा. १२ सेकंद लागले तरी ३८४ गुण मिळतात.

सुरुवातच न करणे

प्रकारात शून्य गुण मिळाले तरी पुढे खेळता येते. पण शर्यतीच्या रेषेवर आलातच नाही किंवा एकही प्रयत्न केला नाही, तर पुढच्या सगळ्या प्रकारांतून बाहेर. पाय दुखतो म्हणून कॉल रूम चुकवणाऱ्यांनी हे कागदावर लिहून बॅगेत ठेवावे.

बूट, खिळे, खाणे

लांब उडी आणि हर्डल्सला एक जोडी चालेल. उंच उडीला टाचेत खिळे असलेले बूट, गोळ्याला सपाट तळाचे, ८०० ला हलके. म्हणजे किमान चार जोड्या. बऱ्याच हॉलमध्ये ६ मिलिमीटरपेक्षा लांब खिळे चालत नाहीत. छोटे खिळे आणि पाना घरूनच न्या. खाण्यात प्रयोग नको. सकाळी उकड्या तांदळाच्या पेजेची सवय असेल तर तांदूळ आणि छोटा कुकर सोबत न्या, हॉटेलच्या न्याहारीवर विसंबू नका. मधल्या वेळांत केळी, दर तासाला थोडे थोडे.

८०० मीटर

२०० मीटरच्या ट्रॅकवर चार फेऱ्या. वळणावर एक मीटर बाहेरून धावलात तर फेरीला सव्वासहा मीटर जास्त, चार फेऱ्यांत २५ मीटर. २:३० च्या वेगाने ते पावणेपाच सेकंद, म्हणजे ५८ च्या आसपास गुण. आठव्या मुलीच्या खांद्याला खांदा लावून वळण घेणाऱ्यांना हे समजावून सांगावे लागते. उंचावलेल्या वळणावर ओलांडायला जाऊ नका, चढही लागतो. सरळ भागातच पुढे व्हा किंवा मागे थांबा.

धावायच्या आधी गुणांचे सेकंद करून घ्या. या टप्प्यावर एक सेकंद म्हणजे साडेबारा गुण. ४० गुण मागे असाल तर सव्वातीन सेकंद हवेत. २०२३ मध्ये इस्तंबूललाच पोलंडची आद्रियाना सुवेक रेषेवर आधी पोहोचली आणि ५०१४ गुणांनी जुना विक्रम तिने मोडला. काही सेकंदांनी बेल्जियमची नफिसातू टिआम २:१३.६० मध्ये आली आणि ५०५५ गुणांनी सुवर्णपदक व विश्वविक्रम दोन्ही घेऊन गेली. तिला सुवेकला गाठायचे नव्हतेच, ठरावीक सेकंदांच्या आत राहायचे होते.

हॉलची हवा कोरडी असते. गोव्याच्या दमट हवेला सरावलेला घसा शर्यतीनंतर तासभर खोकतो. घाबरू नका, कोमट पाणी घ्या. आणि गुणपत्रक लागले की आधी ते बघा: पाचही आकडे स्वतःच्या वहीशी ताडून. निकाल अधिकृतपणे जाहीर झाल्यापासून हरकत घ्यायला ३० मिनिटे असतात, आणि ती बहुतेक वेळा फोटो काढण्यात जातात.