नरारात समुद्री गवत बघायचंय? आधी तिथी बघा

बडोद्याहून रात्रीची गाडी पकडून जामनगर, तिथून नरारा साधारण 60 किलोमीटर, कच्छच्या आखाताच्या काठी, वाडीनारच्या बाजूला. पण तिकीट काढायच्या आधी भिंतीवरचं कालनिर्णय बघा, खरंच. अमावस्या-पौर्णिमा आणि नंतरचे एक-दोन दिवस पाणी सगळ्यात लांब जातं, अष्टमीच्या आसपास गेलात तर भांगाची ओहोटी, पाणी जेमतेम हटतं आणि तुम्ही काठावर बसून डब्यातला चिवडा खाऊन परत. मग टाइड टेबल म्हणजे भरती-ओहोटीच्या वेळांचा तक्ता काढा, ओहोटी रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते म्हणून मित्राने सांगितलेली मागच्या रविवारची वेळ चालत नाही.

मरीन नॅशनल पार्क आहे, 1982 पासूनचं, त्यामुळे वनखात्याची परवानगी आणि गाइड घ्याच. गाइड ओहोटीला 'ओट' म्हणतो, गोंधळू नका. बूट जुने पण जाड तळाचे, चपला चिखल ओढून घेतो (माझी एक अजून तिथेच असेल). पाणी उतरत असतानाच त्याच्या मागे मागे चालायला लागा, म्हणजे वेळ मिळतो.

आता मुख्य गोष्ट. पहिल्यांदा मी हिरवं दिसलं की फोटो काढत सुटलो, तासाभराने गाइड म्हणाला साहेब हे सगळं शेवाळ आहे! शेवाळ दगडाला चिकटतं, त्याला खरी मुळं नसतात. गवत वाळू-चिखलात असतं, म्हणून दगड सोडा आणि पाणी साचलेल्या उथळ डबक्यांकडे बघा. सूर्य पाठीशी ठेवायचा नाही हं, आपलीच सावली पडते, जरा बाजूने उभे राहा आणि चिखल खाली बसेपर्यंत हलू नका. हॅलोफिला ओव्हॅलिस या जातीचं गवत दिसलं तर जोडीजोडीने उभी, नखाएवढी लंबगोल पानं, मधे शीर, तिला आडव्या बारीक शिरा, आणि दोन जोड्या वाळूखालच्या एकाच दोरीसारख्या खोडाने जोडलेल्या. याला फुलं येतात, तीही पाण्याखाली. लांब चपट्या पात्यांचं दिसलं तर ते बहुधा हॅलोड्युल, समुद्री गवताचाच दुसरा प्रकार.

उपटून बघायचा मोह होतो, करू नका, ते खोडच वाळू धरून ठेवतं आणि पार्कात काही तोडायची मनाईच आहे. डुगाँग म्हणजे समुद्री गाय हेच गवत खाते, पण ती दिसेल म्हणून जाऊ नका, कच्छच्या आखातात फार थोड्या उरल्यात.

गाइडने 'चलो' म्हटलं की शेवटचा फोटो सोडून निघायचं, सपाट जागेवर पाणी बघता बघता घोट्यापर्यंत येतं.