ग्राफिक्स कार्डचं ओव्हरक्लॉकिंग नेमकं कुठे अडतं, ते कसं शोधावं?

ओव्हरक्लॉकिंग म्हणजे कार्डचा क्लॉक, म्हणजेच चालण्याचा वेग, कंपनीनं ठरवलेल्यापेक्षा वाढवणं. जानेवारीतल्या गड्डा यात्रेच्या थंडीत निर्धास्त चालणारं ओव्हरक्लॉक सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये गेम मधेच बंद पाडतं. कारण साधं आहे. खोली १५ अंशांनी तापली आणि पंख्याचा वेग तोच राहिला, तर कार्डही साधारण तेवढंच जास्त तापतं. म्हणून चाचणी घ्यायची ती भर दुपारी. रात्री एसी लावून मिळालेल्या आकड्यांवर विसंबू नका.

आधी काहीही न बदलता जीपीयू-झेड हे कार्डची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर उघडा आणि एखादा जड गेम अर्धा तास चालवा. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर सेन्सर्सच्या टॅबमध्ये ‘पर्फकॅप रीझन’, म्हणजे वेग कशामुळे अडला, ही ओळ दिसते. तिथे ‘थर्म’ आलं तर अडथळा उष्णतेचा, ‘पीडब्ल्यूआर’ आलं तर वॅटचा, ‘व्हीरेल’ किंवा ‘व्हीओप’ आलं तर व्होल्टेजचा. कार्डचा वापर ९० टक्क्यांच्याही खाली रेंगाळत असेल, तर बहुतेक वेळा प्रोसेसर कमी पडतोय किंवा गेममध्ये एफपीएसची (दर सेकंदाच्या फ्रेम्सची) मर्यादा लावलेली आहे. तिथे ओव्हरक्लॉक करून हाती काही लागत नाही.

आपल्याकडे बहुतेकांचं घोडं उष्णतेपाशीच अडतं. एनव्हिडियाच्या बऱ्याच कार्डांची तापमान मर्यादा ८३ अंशांवर ठेवलेली असते, पण त्याच्या कितीतरी आधीपासून बूस्ट क्लॉक (कार्ड स्वतःहून गाठतं तो वाढीव वेग) साधारण १५ मेगाहर्ट्‌झच्या पायऱ्यांनी उतरू लागतो. सोलापूरच्या पूर्व भागात किंवा अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या बाजूला राहत असाल तर कॅबिनेट उघडून बघाच. यंत्रमागाचा तूस हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाच्या) पात्यांमध्ये गोधडीसारखा दाटून बसतो आणि हवेची वाटच बंद होते. प्लग काढा, पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा आणि मग ब्लोअर मारा. पंखा हवेच्या जोरानं गरगर फिरू दिला तर बेअरिंग खराब होऊ शकतं. पाण्याच्या कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर घेऊ नका. त्यासोबत तुषार येतात.

वॅटची मर्यादा कार्डच्या बायोसमध्ये, म्हणजे त्याच्या आतल्या मूळ प्रोग्राममध्ये, ठरलेली असते. मदरबोर्डच्या स्लॉटमधून ७५ वॅट आणि ८ पिनच्या एका जोडणीतून १५० वॅट, हे पीसीआय एक्सप्रेसचं, म्हणजे कार्ड जोडण्याच्या मानकाचं, गणित. आफ्टरबर्नर या ओव्हरक्लॉकिंगच्या सॉफ्टवेअरमधला पॉवर लिमिटचा स्लायडर शेवटपर्यंत नेला तरी बायोसनं दिलं असेल तेवढंच मिळतं. मला इथे उलटी वाट जास्त पटते. विजेचा खप व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे तोच क्लॉक कमी व्होल्टेजवर चालवला की वॅटही वाचतात आणि उष्णताही. आफ्टरबर्नरमध्ये कंट्रोल आणि एफ दाबा, व्होल्टेज आणि क्लॉकचा आलेख उघडतो. त्यात हवा तो क्लॉक थोड्या कमी व्होल्टेजच्या बिंदूवर आणा आणि पुढची रेघ सपाट करा. सोलापूरच्या उन्हाळ्यात याहून भरवशाचा उपाय मला दिसत नाही.

चिपचा दर्जा मात्र नशिबाचा भाग. एकाच मॉडेलची दोन कार्डं वेगवेगळ्या क्लॉकवर थांबतात, त्यामुळे दुसऱ्याचा आकडा जसाच्या तसा उचलू नका.

कार्डच्या मेमरीचा वेग वाढवताना ५० मेगाहर्ट्‌झच्या टप्प्यांनी जा आणि दर टप्प्याला बेंचमार्कचा (वेग मोजणाऱ्या चाचणीचा) स्कोअर लिहून ठेवा. नव्या मेमरीत चुका पकडून डेटा पुन्हा पाठवण्याची सोय असते, म्हणून गेम बंद न पडता वेग गुपचूप घसरतो. स्कोअर उतरला की दोन टप्पे मागे या.

हे सगळं चार-आठ दिवस विनातक्रार चालेपर्यंत विंडोज सुरू होताच सेटिंग लागू करण्याचा पर्याय बंदच ठेवा. म्हणजे काही बिनसलंच, तर रीस्टार्ट केल्यावर कार्ड मूळ वेगावर येतं.